आण्णांच्या वहीतला सहा

गावच्या दूध संस्थेचा सचिव पहाटे पाचला उठतो आणि साडेपाचला त्याच्यापुढं रांग लागलेली असते. किटल्या, कॅन, एखाद्या म्हातारीच्या हातात वर वाटी झाकलेला तांब्या. माप झालं की प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत, मग फॅट, मग डिग्री म्हणजे दुधाची घनता, मग वही. संध्याकाळी हेच पुन्हा. आण्णांनी हे एकोणीस वर्षं केलं. शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या अंगाचं आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, ते का हे पुढं येईलच.

मी पुण्याला एमएस्सीला गेले तेव्हा विषयाचं नाव आण्णांना सांगताना मलाच दम लागला. डेटा प्रोसेसिंग, मशीन लर्निंग वगैरे.

"म्हंजे कॉम्प्युटरच की."

"कॉम्प्युटर नव्हे आण्णा, कॉम्प्युटरला शिकवायचं. आकडे दाखवत राहायचे, नियम तो आपला आपण काढतो."

"त्यापेक्षा तलाठ्याला शिकव," म्हणाले आणि रतीब घालायला गेले.

पुण्यात पहिली फजिती विषयाची झाली नाही, भाषेची झाली. आमच्याकडं बायकाही "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. होस्टेलवर मी "आलोच" म्हणून ओरडले आणि सगळ्या जणी दाराकडं बघायला लागल्या, कुठला मुलगा आत शिरला म्हणून. महिन्याभरात मी 'आले' म्हणायला शिकले. घरी फोन लावला की परत 'आलो'. एकाच माणसाचे दोन नमुने. माझ्यावर एखादं मॉडेल शिकवलं असतं तर बिचारं गोंधळून गेलं असतं.

वर्गात पहिल्या आठवड्यात फूल आलं. या विषयाचा गणपती म्हणजे आयरिसचं फूल, कुठंही गेलात तरी पहिली पूजा त्याची. १५० फुलं, तीन जाती, प्रत्येकाची चार मापं, पाकळीची आणि तिच्याखालच्या दलाची लांबी-रुंदी. एडगर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं जमवलेली ही मापं रोनाल्ड फिशरनं १९३६ साली आपल्या लेखात वापरली आणि तेव्हापासून जगभरातली पोरं तीच फुलं वेगळी करत बसली आहेत. त्यानंतर एमनिस्ट. हातानं लिहिलेल्या आकड्यांची ७०,००० चित्रं, प्रत्येक २८ गुणिले २८ ठिपक्यांचं. लिहिणारे कोण, तर अमेरिकेच्या जनगणना खात्यातले कर्मचारी आणि तिथल्या हायस्कूलची मुलं. मला हे फार आवडलं होतं. जगातल्या इतक्या यंत्रांनी आकडे गिरवले ते कुणा कारकुनांच्या आणि शाळकरी पोरांच्या अक्षरावर.

पण हा सगळा माल म्हणजे धुतलेले तांदूळ. खडा नाही, तूस नाही. कुकर लावला की भात तयार. आम्ही ९७ टक्के, ९८ टक्के असे आकडे एकमेकींना दाखवायचो आणि आपल्याला स्वयंपाक येतो असं समजायचो.

दुसऱ्या सत्रात एक तास झाला तो अजून डोक्यात आहे. विषय पीसीए. खूप रकाने असलेल्या तक्त्यातून मोजक्या दिशा अशा शोधायच्या की मूळ माहितीतला बराचसा फरक त्यांच्यातच सामावेल. शिकवता शिकवता सरांनी फळ्यावर कारहुनेन आणि लोएव्ह ही दोन नावं लिहिली आणि खडू खाली न ठेवता तिसरं लिहिलं, कोसंबी. आम्हाला वाटलं दुसरे कुणी असतील. तेच. दामोदर धर्मानंद. इतिहासवाले ज्यांना आपले म्हणतात ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, आणि ज्या निष्कर्षाला पुढं त्या दोघांची नावं चिकटली तो त्यांनी १९४३ मध्येच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला होता.

ते जुनी नाणीही तोलायचे. तक्षशिलेच्या ठेव्यांतली आहत, म्हणजे ठसे मारलेली, प्राचीन नाणी एकेक करून तराजूत घातली. नाणं हातोहाती फिरतं, झिजतं, त्याचं वजन घटतं. टांकसाळीच्या हिशेबानं ही घट म्हणजे नुकसान. कोसंबींसाठी ती घटच माहिती होती. नाणं किती काळ चलनात फिरलं ते तिच्यावरूनच कळणार. मी वहीत लिहून घेतलं, 'झीज = माहिती', आणि खाली दोन रेघा मारल्या. परीक्षेला काही आलं नाही त्यातलं.

प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी शेअर बाजार घेतला, दोघींनी क्रिकेट घेतलं. मी आण्णांच्या वह्या घेतल्या. संस्थेत आपोआप फॅट काढून पावती छापणारं यंत्र आलं त्याआधीच्या बारा वर्षांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या आमच्या माळ्यावर होत्या. संस्थेला त्या नको होत्या, आणि आण्णांना टाकवत नव्हत्या. रकाने ठरलेले, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, डिग्री, दर, रक्कम. मोबाईलनं पानांचे फोटो काढायचे, यंत्राला मराठी आकडे वाचायला शिकवायचे, तक्ता तयार करायचा आणि त्यातनं म्हशीच्या दुधाच्या फॅटचा ऋतूप्रमाणे अंदाज बांधायचा. गाईड मॅडमना कल्पना आवडली. "अक्षर कसं आहे वडिलांचं?" एवढंच विचारलं.

देवनागरी अक्षरांचा एक तयार संच मिळाला. नेपाळमधल्या संशोधकांनी केलेला, ९२,००० चित्रं, ४६ वर्ग, प्रत्येक वर्गात २,०००. छत्तीस व्यंजनं आणि दहा आकडे. मी मॉडेल शिकवलं, आकडा ९८ च्या आसपास आला, आणि गंमत म्हणून मी एका कागदावर स्वतःच्या हातानं 'ळ' काढून त्याला दाखवला.

त्यानं 'क' सांगितला. दुसरा जरा गोल काढला. 'छ'. तोही अगदी छातीठोकपणे.

मग छत्तीस व्यंजनं मोजत बसले. क ते ह तेहेतीस, आणि क्ष, त्र, ज्ञ. नेपाळीच्या वर्णमालेत ळ नाहीच, मग संचात कुठून येणार? त्यांची काहीच चूक नाही, त्यांनी आपल्या भाषेसाठी केलं होतं. पण मॉडेलची रचना अशी की शेवटच्या पायरीवर शंभर टक्के त्या ४६ खणांतच वाटून टाकायचे. 'हे काय आहे मला ठाऊक नाही' असा खणच नसतो. त्यामुळं त्याच्या जगात कांबळे म्हणजे कांबके, माळी म्हणजे माकी आणि पन्हाळा पन्हाका. रूममेटला हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस मला 'बाक' म्हणत होती.

माझं काम आकड्यांचं होतं, त्यामुळं ळ नसून अडणार नव्हतं. पण आकड्यांतही ती खोट निघाली. नेपाळी वळणाचा पाच आणि आठ आपल्यापेक्षा थोडा निराळा, आणि आण्णांचा तर कुठल्याच देशाचा नव्हता. वहीचं पहिलंच पान दिलं तर यंत्रानं एका म्हशीला ९२ लिटर दूध काढायला लावलं.

म्हणजे शिकवणी घरचीच लावायला हवी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आकड्यांचे तुकडे पाडून लॅपटॉपवर एकेक दाखवायची आणि आई सांगायची. चार हजारांच्या वर झाले. सगळं जग याला लेबलिंग म्हणतं. आई म्हणायची, "आण, तुझ्या मटारच्या शेंगा सोलू." आण्णांचं अक्षर तिच्याइतकं कुणालाच लागत नाही.

"हा पाच?"

"आठ. गाडी यायच्या घाईला आठ असा पडतोय त्यांचा."

"आणि हा?"

"हा सहा हाय, पण आधी दुसरं कायतरी हुतं. वरनं गिरवलाय."

मी 'सहा' चं बटण दाबलं आणि पुढं गेले. गिरवलाय, हे लिहायला माझ्याकडं खण नव्हता.

यानंतर यंत्राला आण्णांचं अक्षर लागायला लागलं. तक्ता तयार झाला आणि त्यात भोकं दिसली. काही सभासदांचे काही दिवस रिकामे. वर्गात शिकलो होतो तसं मी पायथनच्या एका ओळीत सगळी रिकामी घरं सरासरीनं भरली. आलेख कसा गुळगुळीत झाला. मग सहज तारखा बघितल्या. २००५ ची जुलैअखेर, ऑगस्टची सुरुवात. महापूर. आमच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो, आणि मी त्या दिवसांत प्रत्येक सभासदाला सकाळ-संध्याकाळ चार लिटर दूध घालायला लावलं होतं, सहा पॉइंट चार फॅटचं. ती ओळ पुसली. रिकामं ते रिकामंच ठेवलं आणि शेजारी एक रकाना वाढवला, 'का'. तो भरायला मला अर्धा पावसाळा लागला. म्हैस आटली. म्हैस विकली. मयत. दूध घरी लागलं, पोरीचं बाळंतपण. आई आणि आण्णा दोघांना मिळून जेवढं आठवलं तेवढंच.

आता त्या आलेखाकडं येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

म्हशीच्या दुधाचा मूळ दर सहा फॅट आणि नऊ एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरलेला असतो. फॅट सहाच्या खाली गेली की पॉइंटामागं पैसे कापले जातात. मी फॅटच्या रकान्याचा साधा हिस्टोग्राम काढला, कुठला आकडा किती वेळा आला याचा. अपेक्षा एका टेकडीची असते, मध्ये उंच, दोन्हीकडं उतरत गेलेली. इथं टेकडी होती, पण तिच्या डाव्या उतारावर सहाच्या जागी एक मनोरा उभा, आणि त्याला लागून पाच-आठ, पाच-नऊच्या, म्हणजे ५.८, ५.९ च्या जागी खड्डा. पाच-पाच, पाच-सहा नीट होते. म्हशी पाच-सात देत होत्या आणि एकदम सहा देत होत्या. मधलं दूध गावात कुठल्याच म्हशीला येत नव्हतं.

आधी वाटलं मॉडेल चुकतंय, पाच-नऊला सहा वाचतंय. मूळ फोटो काढून तपासले. वहीतच सहा होता.

याला तांत्रिक उत्तर एक आहे. मोजलेली राशी सलग असते आणि लिहिलेला आकडा पायऱ्यांचा. डिजिटल डेटाच्या पहिल्याच धड्यात हे येतं. फोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणी २५६ पायऱ्यांपैकी एकीवर नेऊन ठेवायची. थोडं इकडं-तिकडं होणारच. पण ते इकडंही होतं आणि तिकडंही. आमच्या वहीत सगळं एकाच बाजूला सरकलं होतं, वर.

मॅडमना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, म्हणतील हा नॉइज आहे, आकड्यांतला निव्वळ गोंगाट, गुळगुळीत करून टाक. त्या म्हणाल्या, "सुखात्मे वाचलेस का?"

पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. पुढं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. १९४० च्या दशकात ते देशातल्या पिकांचं उत्पन्न मोजण्याच्या कामात होते. अख्खं शेत कापून तोलणं शक्य नाही, म्हणून शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, तोलायचं आणि हिशेब करायचा. तुकडा किती मोठा घ्यावा यावर त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा मोठा वाद होता. महालनोबिस छोट्या तुकड्यांचे, सुखात्मे मोठ्या. १९४६ साली 'नेचर'मध्ये सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान असला की उत्पन्न नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच भरतं. का? तर कडेच्या रोपांमुळं. रोप बरोबर दोरीवर आलं की ते आत धरायचं का बाहेर हे कापणाऱ्याच्या हातात असतं, आणि हात ते आत ओढतो. लहान तुकड्याला त्याच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त. त्यात कुणी लबाडी करत नसतं. उभं पीक बाहेर टाकायला माणसाला जड जातं, एवढंच.

लायब्ररीत बसून हे वाचताना मला वहीतला गिरवलेला सहा आठवला. पाच-नऊ म्हणजे दोरीवरचं रोप.

मला बरं वाटलं हे कबूल करते. माझा बाप दयाळू होता आणि ते मी बारा वर्षांच्या आकड्यांतनं शोधून काढलं होतं. प्रोजेक्टच्या अहवालात त्या भागाला मी एक हळवं शीर्षकसुद्धा देऊन टाकलं होतं. मॅडमनी पेन्सिलीनं ते खोडलं आणि समासात लिहिलं, 'सभासदनिहाय?'

म्हणजे हा खड्डा प्रत्येकाच्या वाट्याला सारखा आहे का ते बघ.

नव्हता. बहुतेकांच्या ओळीत खड्डा होता, पण मोजक्या सभासदांच्या ओळीत पाच-आठ आणि पाच-नऊ जिथल्या तिथं, शांतपणे बसलेले होते. मी कारणं शोधली. ते रांगेत शेवटी येत असतील, तोवर गाडीची वेळ झाल्यामुळं नीट बघून लिहिलं असेल. वहीतल्या नोंदी आल्या क्रमानंच असतात, तपासलं, तसं नव्हतं. फक्त सकाळचं दूध असेल. नव्हतं. मग वर्षं पाडून पाहिलं. त्यातल्या एकाच्या ओळीत आधी खड्डा होता. इतरांसारखाच. मग एका वर्षी तो अचानक बुजला आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत पाच-नऊ म्हणजे पाच-नऊ.

अहवालात मी नावं दिली नव्हती, सभासद क्रमांकही बदलले होते. आलेखावर फक्त 'सभासद ३' असं लिहिलं होतं आणि खाली वर्षं.

दिवाळीला घरी गेले. आण्णा आता सचिव नाहीत, पण सकाळी संस्थेत जाऊन बसतात. फरकाचं बिल वाटायचे दिवस होते, घरी दिवसभर माणसं येत-जात होती. रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. आधी मनोरा दाखवला.

"ह्यो कशाचा?"

"सहाचा."

ते हसले. "तुला बुटिरोमीटर कसा धरत्यात म्हाईत हाय का?"

बुटिरोमीटर म्हणजे फॅट मोजायची खुणांची काचनळी. मला पाठ होतं. लहानपणी मी तिथंच बसून अभ्यास करायची. १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच, हलवायचं, यंत्रात फिरवायचं. आण्णांच्या बनियनला कायम ॲसिडची भोकं असायची. शेवटी नळीच्या निमुळत्या भागात पिवळा थर चढतो, तो खुणांवर वाचायचा.

आण्णांनी पाण्याचा पेला उचलला. "डोळ्याम्होरं धरला की पाच-नऊ." मग पेला चार बोटं खाली घेतला, आणि वरनं बघितलं. "आन् असा धरला की सहा. लिव्हायच्या आधी बघितलंय, मग लिव्हलंय. लबाडी न्हवं."

"आणि गिरवलेले?"

"ती येखाद-दुसरं असतील." पेला खाली ठेवला. "वरच्या संघात घट आली की आमाला भरायला लागायची, ते बी म्हाईत असू दे."

मग मी दुसरा आलेख उघडला. काही बोलले नाही. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, खालची वर्षं बोटानं वाचत आले, आणि जिथं खड्डा बुजला होता तिथं बोट थांबलं.

"दोन हजार आठ," म्हणाले. (साल मी इथं बदललं आहे.) "बांधाचं भांडण."

आतून आई भांडी घासत होती, तिचा आवाज थांबला.

"नाव तर न्हाई घातलंस."

"नाही. नंबरही बदललाय."

"आन् मला तर बघितल्याबरूबर कळलं."

"तुम्हाला कळणारच."

"तुझ्या मॅडमला?"

"त्यांना बांध ठाऊक नाही."

आण्णा थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. बाहेर कुणीतरी लवंगीची माळ लावली, ती अर्ध्यातच विझली.

"त्येची म्हस तशी बी कमीच लागायची," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "चार्जर काढ त्याचा. तापलंय."